जेवून आले

१८ जून २००३, बुधवार

ज्ञानेश सरांनी आज संस्थेतल्या सगळ्यांना एकेक वही दिली. म्हणाले, फील्डवरचं रोज लिहून काढा, रिपोर्टाला उपयोगी पडतं. रिपोर्ट मी वेगळ्या कागदावर लिहीन. ही वही माझी. रिपोर्टात राग चालत नाही, आणि मला तर सकाळपासून येतोय.

काम असं आहे. पेठ तालुक्यात झरीपाडा म्हणून सत्तावीस घरांचा पाडा. गेल्या वर्षीच्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेत त्यातली एकवीस घरं यादीबाहेर गेली. आता त्यांची पिवळी रेशनकार्डं जाणार आणि स्वस्तातला तांदूळ बंद होणार. का, तर फॉर्मवर एक प्रश्न होता, घरात दोन वेळ पोटभर जेवण होतं का? एकवीस घरांनी सांगितलं, होतं. मी झेरॉक्स बघितल्या. एकाखाली एक होतं, होतं, होतं. पावसाळ्यात कंदमुळं उकडून खाणारी ही माणसं. सर म्हणाले, अज्ञान आहे. मी म्हटलं, अज्ञान कसलं, हाताने पायावर धोंडा पाडून घेतलाय.

१५ जुलैला नाशकात जनसुनावणी आहे. पुरवठा खात्याचे मोठे साहेब येणार आणि फेरसर्वे करायचा की नाही ते तिथेच ठरणार. सरांचा एकच हट्ट, भुकेवर आपण नाही बोलायचं, जिने भोगली तिने बोलायचं. पटतं मला. फक्त ती बोलणारी शोधून, घडवून, माइकपुढे उभी करायचं काम माझं. दीपमालाताई, तुम्हाला जमतं, म्हणाले. गोड बोलून गळ्यात घोंगडं घालायला यांना बरं जमतं.

२१ जून, शनिवार

पेठपर्यंत एसटी, पुढे तासभर पायी. बरोबर मंगळू, आमचा तिथला कार्यकर्ता, त्याच पाड्यातला. त्याने थेट भागीबाईच्या घरी नेलं. साठीची असेल. नवरा वारलेला, मुलगा राजू मजुरीला गिरणारे गावाकडे, घरात ती आणि सहा महिन्यांची गरोदर सून मैना. पाड्यात हिचा शब्द चालतो.

दारात पाय ठेवते तोच, "जेवलीस काय बाय?"

"जेवून आले," म्हटलं. खरं तर सकाळपासून चहावर होते, पण लोकांच्या दारात जाऊन भूक काय सांगायची. तरी तिने ताट केलंच. नागलीच्या दोन भाकरी, उडदाचं वरण, शेवग्याच्या पाल्याची भाजी. मंगळूला म्हटलं बस, तर त्याच्या म्हणे पोटात गडबड, नुसतं पाणी प्याला. मैना चुलीपाशीच. तिला म्हटलं तू बस, तर म्हणाली, "आमी मागून जेवतो." अजून हे चालूच. पोटुशी बाई मागून आणि पाहुणे आधी. पाड्यातल्या बायकांची यावर एकदा बैठकच लावायला हवी.

जेवण फार चवीचं होतं. मी दोन्ही भाकरी संपवल्या. भागीबाई समोर बसून माझ्या ताटाकडे टक लावून बघत होती. जेवताना कुणी असं बघितलं की मला घास उतरत नाही, पण ताटात टाकायची सवय नाही.

मग विचारलं, "मावशी, सर्वेवाल्याला दोन वेळ जेवतो असं का सांगितलंत?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू मीच काही खुळ्यासारखं विचारलं. "दारात आलेला मानूस इचारतो, जेवता का. त्याला नाय म्हनायचं? त्याला वाटंल, मागाया लागली. आन् कणसरी ऐकती ना बाय." कणसरी ही त्यांची धान्याची देवी. ती म्हणे कणगीत बसलेली असते, आणि घरात कुणी 'नाही' म्हटलं की उठून जाते.

"त्याला जेवाय बी घातलं," मंगळू म्हणाला. "हिनं कोंबडं कापलं व्हतं."

आता बोला. उपाशी माणसांनी सर्वेवाल्याला कोंबडं घातलं आणि त्याने हात पुसून लिहिलं, जेवण होतं.

२३ जून, सोमवार

सर खूश आहेत. म्हणाले, भागीबाईच बोलेल. तीन मिनिटं, आणि पहिलंच वाक्य हवं, 'आम्ही उपाशी झोपतो.' मी तीन मिनिटांचं लिहून काढलं. चांगलं जमलंय, दोनदा मोठ्याने वाचून बघितलं.

दुपारी सरांनी अर्धी खिचडी तशीच टाकली. मी डब्यात काढून घेतली, गल्लीतल्या कुत्र्याला होईल म्हणून. द्वारका चौकापर्यंत चालत गेले, सिंहस्थासाठी रस्ते खणून ठेवलेत, धुळीत एक कुत्रं दिसेना. मग टाकून तरी कशाला द्यायची.

२८ जून, शनिवार

परत झरीपाडा. आज फार बिनसलं.

भागीबाई सगळं सांगते. कोणता कंद केव्हा खणायचा, तो कडू असतो, कसा चिरायचा, राख घालून उकडायचा, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, नाहीतर घसा सुजतो. हे सांगताना तिला काही लाज नाही, उलट तोरा आहे. पण 'आम्ही उपाशी झोपतो' हे वाक्य आलं की गप्प. मी पाच वेळा म्हणून दाखवलं. सहाव्या वेळी ती म्हणाली, "तुला लय चांगलं येतं. तूच म्हन."

"मावशी, मी म्हणून काय उपयोग? ज्याने भोगलं त्यानेच बोलायचं, असं ठरलंय."

"तू कंदी उपाशी निजलीस काय?"

"मी? नाही."

तिने हातातला विळा खाली ठेवला. "मंग ताटाला बोट कशाला फिरवतीस? भाकर मोडायच्या आदी किती हायत ते मोजतीस. त्या दिशी बघितलं ना मी. पोटभर खानारा मानूस भाकर मोजत नाय."

मी म्हटलं, आईची शिस्त आहे, अन्न वाया घालवायचं नाही. ती हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात? मैनापण चुलीमागून बघत होती. मग भागीबाई म्हणाली, "तू आदी बोल. मंग मी बोलते."

मला इतका राग आला की निरोपही न घेता उठले. मंगळू मागून धावत आला. त्याला म्हटलं, तुमच्या म्हातारीला सांग, एकवीस घरांची कार्डं आहेत, माझी परीक्षा घ्यायचा खेळ नाही हा. पेठच्या स्टँडवर एसटीची वाट बघत हे लिहितेय. तिचा संबंध काय माझ्या ताटाशी?

२ जुलै, बुधवार

कशातच लक्ष नाही. घरातले सगळे डबे काढून पुसले. कुंदन म्हणाला, आपण दोघं माणसं, पाच किलो पोहे कशाला आणून ठेवलेस? नवऱ्याला काय सांगायचं, असू दे म्हटलं. स्वयंपाकात हळदीने बोटं पिवळी झाली. मला ते मुळीच सहन होत नाही, लिंबाने घासत बसते. "सोलून काढशील," तो म्हणाला.

येवल्याहून आईचा फोन. गुडघे, शेजारपाजार, पैठणीला आलेलं गिऱ्हाईक. मला तिला एक विचारायचं होतं. विचारलं नाही.

६ जुलै, रविवार

मंगळूचा पेठहून फोन. मैनाला आवणीत, भात लावता लावता, चक्कर आली. चिखलात पालथी पडली. दवाखान्यात नेलं, बरी आहे, बाळ बरं आहे. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी काय खाल्लंस? तर ही बया म्हणाली, जेवले ना.

मी फोनवरच चिडले. मंगळू ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, एक सांगू? राग नका मानू. पाड्यात आलात का कुनाकडं जेवत नका जाऊ."

"का?"

"त्या दिशी तुमच्या ताटात दोन भाकरी व्हत्या. एक भागीआजीची, एक मैनाची. तिसरी नव्हती."

त्यानंतर तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. मी त्या दोन्ही खाल्ल्या होत्या. वर या वहीत बैठक घेण्याबद्दल लिहिलंय, ते पान मघाशी उघडून बघितलं. फाडणार होते. राहू दे, माझ्या तोंडावर मारायला बरं आहे.

८ जुलै, मंगळवार

मंगळूबरोबर तांदूळ आणि पोहे पाठवले. भागीबाईने पिशवी परत पाठवली, टाकळ्याची भाजी भरून. रिकामी पिशवी परत द्यायची नसते, असा निरोप. आणि दुसरा निरोप, "येते म्हनावं नाशकाला. बोलायचं तेवढं नाय ठरलं."

सरांना सांगितलं, बाई तयार आहे. खोटं बोलले. एकवीस घरं आहेत आणि मी खोटं बोलतेय.

१२ जुलै, शनिवार

सकाळपासून चारदा घर झाडलं.

हे कधी कुणाला सांगितलं नाही, कुंदनलाही नाही. वहीतही लिहवत नाही. बहात्तर साल. पुढे जात नाही पेन.

१५ जुलै, मंगळवार

सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सिंहस्थामुळे नाशकात एक हॉल मिळेना. शेवटी द्वारका चौकाजवळचं मंगल कार्यालय मिळालं. स्टेजच्या मागे आदल्या लग्नातली थर्माकोलची अक्षरं तशीच होती, 'चि. सौ. कां.' एवढीच उरलेली. जेवणाच्या हॉलमधून कालच्या जिलेबीचा वास येत होता. झरीपाड्याच्या बारा बायका त्या वासात भिंतीला टेकून ओळीने बसल्या. सर सविस्तर बोलले, चांगलं बोलले. मग भागीबाईला माइकपुढे बोलावलं.

पुरवठ्याचे साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी हात जोडले, आवाज मऊ केला आणि विचारलं, "आजी, दोन वेळ जेवता ना?"

मला कळायला हवं होतं. अख्खा महिना ती बाई मला हेच सांगत होती. दारात आलेला माणूस जेवता का विचारतो, तेव्हा त्याला काय सांगायचं.

"व्हय सायेब," भागीबाई म्हणाली. "जेवतो आमी."

साहेबांनी सरांकडे बघितलं, खेदानेच बघितलं, आणि कारकुनाला म्हणाले, "नोंद घ्या. त्या स्वतःच सांगतायत." कारकुनाने लिहायला पेन टेकवलं. सर माझ्याकडे वळले. मंगळूने डोकं धरलं. भागीबाई माइकपाशी तशीच उभी होती, आणि ती कुणाकडे बघत नव्हती, फक्त माझ्याकडे.

मी उठले. कशी उठले माहीत नाही. माइकपर्यंत जाईपर्यंत ठरलेलं काही नव्हतं. म्हटलं, "साहेब, लिहू नका. मलाही कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं."

मग सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात मी सहा वर्षांची. येवल्यात आमचा माग बंद पडला. पैठणी कोण घेतो त्या साली. वडील कामाच्या शोधात गेले, आई खडी फोडायला. तिथे कधी खायला सरकारी सुकडी मिळायची, कधी नाही. ज्या संध्याकाळी काही नसायचं त्या संध्याकाळी आई वाटीत हळद कालवायची आणि माझ्या बोटांना लावायची. आमटीभात कालवून खाल्ला की बोटं दिसतात तशी. मग म्हणायची, जा, ओट्यावर जाऊन बस. कुणी विचारलं तर जेवले म्हणायचं. मी बसायचे. विचारायचे लोक, जेवलीस का गं? मी पिवळी बोटं दाखवायचे. एकदा फार भूक लागली म्हणून ती बोटं चोखली. नुसती कडू हळद. आईने परत लावली आणि तेव्हा ती रडली. "एकतीस वर्षं झाली," म्हटलं, "अजून कुणी जेवलात का विचारलं की मी जेवून आले म्हणते. आजही सकाळपासून काही खाल्लेलं नाही, साहेब, तरी विचारून बघा."

रडायला येत होतं आणि रडत होते. भागीबाईने माझ्या हातातला माइक घेतला. आधी वर बघून हळूच काहीतरी म्हणाली, माइकमुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "कणसरी माय, जरा कान झाक."

मग साहेबांना म्हणाली, "आता लिवा. पेरनीच्या आदीच कणगी झाडली. तवापासून कडू कंद. एक दिस कंद, एक दिस पाला, एक दिस पानी. सुनंला सहावा सरला, ती चिखलात पडली. तुमच्या मानसाला कोंबडं घातलं ते शेवटलं व्हतं. आमी उपाशी निजतो." आणि भिंतीला टेकलेल्या बायकांकडे वळून, "उठा गं. सांगा आता."

बारा जणी उठल्या. मी लिहिलेली तीन मिनिटं कुणाला आठवलीसुद्धा नाहीत. तास गेला. साहेबांनी फेरसर्वे लिहून दिला. प्रश्न बदलता येणार नाही, फॉर्म वरून आलेला आहे, म्हणाले. पण यावेळी सर्वे करणाऱ्याने घरात जाऊन कणगी बघायची आणि कुणाकडे काही खायचं नाही, ही अट त्यांनी स्वतःच्या हाताने घातली.

परत निघताना भागीबाईने माझा हात हातात घेतला आणि बोटं उलटसुलट करून बघितली.

१७ जुलै, गुरुवार

पेपरात आलं, माझ्या नावानिशी. 'कार्यकर्तीने सांगितली बोटांवरच्या हळदीची कहाणी.' सर म्हणाले, तुम्ही आधी का नाही सांगितलंत, आपण बोलणारी माणसं कुठे कुठे शोधत होतो. मी म्हटलं, तुम्ही कुठे विचारलंत. ते खरंच ओशाळले. कुंदनने पोह्याच्या डब्यावर झाकण नीट लावून ठेवलं.

आईचा फोन नाही. येवल्यात हा पेपर जातो.

२० जुलै, रविवार

आज आला. गुडघे नाहीत, शेजारपाजार नाही. मला वाटलं, आता म्हणेल, घराची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस.

"दीपा," आई म्हणाली, "घरात हळदसुद्धा नव्हती गं. शेजारच्या अंबूबाईकडून मागून आणायचे. देवाला हवी म्हणून सांगायचे."

"रोज?"

"रोज. ती द्यायची. कधी विचारलं नाही तिने, एवढी कुठल्या देवाला लागते." मग म्हणाली, "तिला ठाऊक असणार. मी लाजेने मेले, कधी डोळ्याला डोळा भिडवला नाही. तिच्याकडे पीठ असायचं. मागितलं असतं तर पीठ दिलं असतं तिने. मी हळद मागत राहिले."

दोघी रडलो. एसटीडीचं बिल काय येईल ते येवो.

२ ऑगस्ट, शनिवार

फेरसर्वे झाला झरीपाड्यावर. यादी लागायला महिना जाईल, कार्डं राहतात की नाही ते तेव्हाच कळेल. पण एकवीस फॉर्म मी डोळ्यांनी बघितले, एकाखाली एक नाही, नाही, नाही.

सर्वेला तहसिलातून चंद्रभागा नावाच्या बाई आल्या होत्या. पहिलं घर भागीबाईचं. मी सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले होते, पोटात कपभर चहा, पिशवीत घरून केलेल्या भाकऱ्यांचा डबा. भागीबाई दारातच होती. चंद्रभागाबाईंनी फॉर्म काढायच्या आत तिने मला विचारलं, नेहमीसारखंच, "जेवलीस काय बाय?"

जीभ आपोआप वळली. 'जेवून' एवढं तोंडापर्यंत आलंसुद्धा. ते गिळलं.

"नाही," मी म्हटलं. "भूक लागलीय."

भागीबाईने मागे वळून कोपऱ्यातल्या कणगीकडे बघितलं. मग आधी माझ्याकडे, मग चंद्रभागाबाईंकडे. "आमी पन नाय जेवलो," ती म्हणाली. "काल बी नाय. या, बघा आत येऊन." चंद्रभागाबाई आत गेल्या, कणगीत वाकून बघितलं आणि दाराशी येऊन लिहून घेतलं.

त्या पुढच्या घरी गेल्यावर मी डबा उघडला. आठ भाकऱ्या होत्या, त्या मी सगळ्यांदेखत मोजल्या. पहिली मैनाला वाढली. ती लाजली, मागून जेवते म्हणाली, तर भागीबाईने तिला दंडाला धरून खाली बसवलं. मग आम्ही तिघी जेवलो, आणि ताट संपल्यावर मी बोट फिरवलं. भागीबाई बघत होती. तिनेही फिरवलं.